‘कायरल मेटामटेरियल’ अँटेना म्हणजे काय? ६जीच्या चर्चेत अँटेनाखालचा बोर्ड इतका महत्त्वाचा का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग देशात बनवण्याच्या योजनेतून पहिले सात प्रकल्प मंजूर केले. त्यांची एकत्रित गुंतवणूक ५,५३२ कोटी रुपये होती. यादीत कॅमेरा मॉड्यूल होतं, अनेक थरांचे सर्किट बोर्ड होते आणि सामान्य वाचकाला अनोळखी वाटेल अशी एक वस्तूही होती: कॉपर क्लॅड लॅमिनेट. म्हणजे तांब्याचा पातळ थर चढवलेला कोरा बोर्ड. राउटर, जीपीएस उपकरण आणि सॅटेलाइट इंटरनेटची सपाट डिश यांतले बरेचसे अँटेना अशाच बोर्डवर कोरलेले असतात.

दुसरीकडे ६जी आणि सॅटेलाइट इंटरनेटच्या बातम्यांमध्ये ‘मेटामटेरियल’ आणि ‘कायरल मेटामटेरियल’ हे शब्द दिसू लागले आहेत. अँटेनाखालचा किंवा त्याच्यावरचा थर विशिष्ट पद्धतीने घडवला की अँटेना लहान होतो, रेंज वाढते, सिग्नल सुधारतो, असे दावे केले जातात. यात तथ्य किती आणि अतिशयोक्ती किती? आणि भारतासाठी यात नेमकं काय पणाला लागलं आहे?

अँटेनाचा आकार बोर्ड कसा ठरवतो?

पूर्वी अँटेना म्हणजे घराच्या छतावरचा ॲल्युमिनियमचा सांगाडा किंवा रेडिओची ओढून लांब करायची काडी. आता अँटेना बहुतेकदा दिसतच नाही. तांब्याचा एक छोटा चौकोन, त्याखाली एक बोर्ड आणि बोर्डच्या मागे तांब्याचा दुसरा थर, अशी त्याची रचना असते. याला ‘पॅच अँटेना’ म्हणतात. मधल्या बोर्डला म्हणतात ‘सब्स्ट्रेट’.

पॅचची लांबी साधारणपणे लहरीच्या लांबीच्या निम्मी ठेवावी लागते. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ लहरीची हवेतली लांबी १२.५ सेंटीमीटर असते. तिच्या निम्मे म्हणजे सहा सेंटीमीटरपेक्षा थोडं जास्त. पण लहर बोर्डच्या पदार्थातून जाताना आखडते. ‘एफआर-४’ या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या स्वस्त फायबरग्लास बोर्डवर हाच पॅच सुमारे तीन सेंटीमीटरमध्ये बसतो. म्हणजे आकार निम्म्यावर आला, तो केवळ खालच्या पदार्थामुळे.

याची किंमतही मोजावी लागते. एफआर-४ लहरीची बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपात खातो. महागड्या मायक्रोवेव्ह लॅमिनेटमध्ये हे नुकसान त्याच्या सुमारे विसाव्या भागाइतकं कमी असू शकतं. वारंवारता वाढते तसा हा फरक जास्त जाणवतो. त्यामुळे २.४ गिगाहर्ट्झला चालून जाणारा स्वस्त बोर्ड ५जीच्या २६ गिगाहर्ट्झ बँडमध्ये डोकेदुखी ठरतो.

लहरीला ‘उजवं-डावं’ असतं म्हणजे काय?

रेडिओ लहर पुढे जाताना तिचं विद्युत क्षेत्र कोणत्या दिशेने हलतं, याला ध्रुवीकरण म्हणतात. ते वर-खाली किंवा आडवं असेल तर ध्रुवीकरण रेषीय असतं. अशा वेळी पाठवणारा आणि घेणारा अँटेना एकाच दिशेत हवेत. एक उभा आणि दुसरा आडवा असेल तर सिग्नल जवळपास नाहीसा होतो.

वर्तुळाकार ध्रुवीकरणात क्षेत्राची दिशा स्क्रूच्या आट्यांसारखी फिरत पुढे जाते. ती उजवीकडे फिरते किंवा डावीकडे. जीपीएस आणि भारताच्या ‘नाविक’ यंत्रणेचे उपग्रह उजवीकडे फिरणारी लहर पाठवतात. याची दोन कारणं आहेत. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना रेषीय लहरीची दिशा वळते, पण फिरणाऱ्या लहरीला त्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय जमिनीवरचं उपकरण कसंही वळलं तरी सिग्नल मिळत राहतो.

याचा उपयोग कुठे होतो हे समजायला किनाऱ्यावर जायला हवं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर इथल्या कार्यक्रमात मासेमारी बोटींसाठीच्या राष्ट्रीय संपर्क यंत्रणेची सुरुवात झाली. किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना ३६० कोटी रुपयांची आहे. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून काही अंतरावर संपते. त्यापुढे वादळाचा इशारा मिळवायला किंवा मदत मागायला असं उपकरणच कामी येतं. लाटांवर डुलणाऱ्या बोटीवर अँटेना उपग्रहाकडे नेम धरून बसू शकत नाही. अशा ठिकाणी वर्तुळाकार ध्रुवीकरण उपयोगी पडतं.

आणखी एक फायदा शहरात दिसतो. उजवीकडे फिरणारी लहर इमारतीच्या भिंतीवर किंवा जमिनीवर आदळून परतली की तिचा बराचसा भाग डावीकडे फिरू लागतो. फक्त ‘उजवी’ लहर स्वीकारणारा चांगला अँटेना असे भरकटलेले सिग्नल बाजूला टाकतो. मॅपवर तुमचा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो, त्यामागे अनेकदा हेच परावर्तित सिग्नल असतात.

मग ‘कायरल’ म्हणजे काय?

जी वस्तू आरशातल्या आपल्या प्रतिबिंबावर तंतोतंत बसत नाही, ती कायरल. उजव्या पायाची चप्पल कितीही फिरवली तरी डाव्या पायाची होत नाही. उजव्या सोंडेचा गणपती आरशात डाव्या सोंडेचा दिसतो. हा शब्द ‘हात’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे.

साखरेचा रेणूही कायरल असतो. साखरेच्या द्रावणातून ध्रुवीकृत प्रकाश सोडला की त्याची दिशा वळते. जितकी साखर जास्त तितकं वळण जास्त. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ‘पोल’ काढतात, तो याच गुणधर्मावर. कायरल पदार्थात उजवी आणि डावी लहर वेगवेगळ्या वेगाने जाते. काही वेळा एक लहर आरपार जाते आणि दुसरी शोषली जाते. अँटेना बनवणाऱ्यांना नेमकी हीच निवडण्याची क्षमता हवी आहे.

याची सुरुवात कोलकात्यात झाली?

रेडिओ लहरींसाठी असा कृत्रिम पदार्थ बनवण्याचा सुरुवातीचा प्रयोग भारतात झाला होता. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात काम करताना त्यांनी तागाच्या तंतूंच्या जुड्यांना पीळ दिला, काहींना उजवा आणि काहींना डावा. त्यांतून काही मिलिमीटर ते काही सेंटीमीटर लांबीच्या विद्युतलहरी सोडल्या. पिळाच्या दिशेप्रमाणे लहरीचं ध्रुवीकरण वळलं. साखरेचा रेणू प्रकाशाचं जे करतो, तेच त्यांनी तागाच्या जुडीकडून रेडिओ लहरींचं करून घेतलं.

१९१४ मध्ये फिनलंडच्या कार्ल लिंडमन यांनी तांब्याच्या तारेची छोटी वेटोळी कापसात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली आणि असाच परिणाम दाखवला. पदार्थाचं रसायन तेच ठेवून फक्त आतल्या तुकड्यांचा आकार बदलला तरी लहर वेगळी वागते, हे दोन्ही प्रयोगांतून स्पष्ट झालं. आजच्या मेटामटेरियलमागची कल्पना हीच आहे.

मेटामटेरियल वेगळं कशामुळे ठरतं?

मेटामटेरियल म्हणजे लहरीच्या लांबीपेक्षा बऱ्याच लहान आकृत्या एकसारख्या मांडून तयार केलेला पदार्थ. आकृत्या इतक्या छोट्या असतात की लहरीला त्या सुट्या जाणवत नाहीत. तिच्या दृष्टीने तो एक सलग पदार्थच असतो, आणि त्याचे गुणधर्म निसर्गात न सापडणारे असू शकतात.

१९९९ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि सहकाऱ्यांनी यासाठी चिरलेल्या कड्यांसारख्या तांब्याच्या आकृत्या सुचवल्या. पुढच्या दोन वर्षांत अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये त्यावर प्रयोग झाले आणि लहर उलट्या बाजूला वाकते हे दिसलं. २००४ मध्ये पेंड्री यांनीच कायरल रचनेतून हाच परिणाम मिळवण्याचा मार्ग मांडला. २००९ मध्ये वेगवेगळ्या गटांनी तो प्रयोगात दाखवला.

कायरल मेटामटेरियलच्या आकृत्यांपैकी एक मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची आहे. बोर्डच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिकासारखे तांब्याचे आकार कोरतात आणि मागचा आकार पुढच्यापेक्षा काही अंशांनी फिरवतात. दोन थरांमधलं हे वळण म्हणजे बोसांच्या तागाचा पीळच, फक्त सपाट बोर्डवर छापलेला.

अँटेनाखाली असा थर घातला की काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर पस्तीस वर्षांपासून वादात आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नादेर एंघेटा आणि सहकाऱ्यांनी कायरल सब्स्ट्रेटवरच्या पॅच अँटेनाची कल्पना मांडली. तिला ‘कायरोस्ट्रिप’ असं नाव मिळालं. साध्या बोर्डमध्ये लहरीची काही ऊर्जा बाहेर पडण्याऐवजी बोर्डमध्येच कडेने पसरते. कायरल थरामुळे ही गळती कमी करता येईल, असं त्यांचं गणित सांगत होतं.

१९९२ मध्ये अँटेना क्षेत्रातले नावाजलेले अभ्यासक डेव्हिड पोझार यांनी सविस्तर गणना करून जवळपास उलट निष्कर्ष काढला. अँटेनाखाली कायरल पदार्थ वापरण्यात फायदा दिसत नाही, उलट नको असलेलं ध्रुवीकरण वाढतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा वाद आज आठवण्याचं कारण म्हणजे त्यातून एक महत्त्वाचा फरक पुढे येतो. कायरल थर अँटेनाच्या ‘खाली’ घालणं आणि ‘वर’ किंवा समोर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाली घातला की तो पॅचच्या प्रत्येक गुणधर्मात ढवळाढवळ करतो. समोर ठेवला की तो एखाद्या चष्म्यासारखं काम करतो: अँटेनातून रेषीय लहर निघते आणि थरातून बाहेर पडताना ती फिरती होते. ‘कायरल अँटेना’ या नावाखाली दोन्ही प्रकार येतात, पण त्यांच्याबद्दलचे दावे एकाच मापाने तोलता येत नाहीत.

आता पुन्हा चर्चा का?

पहिलं कारण आकाराचं आहे. २६ गिगाहर्ट्झला लहरीची लांबी साडेअकरा मिलिमीटर असते. मेटामटेरियलची एक आकृती त्याच्या पाचव्या ते दहाव्या भागाइतकी, म्हणजे एक-दोन मिलिमीटरची लागते. नेहमीच्या सर्किट बोर्डच्या कारखान्यात ती सहज कोरता येते. तागाच्या जुड्या किंवा तारेची वेटोळी आता लागत नाहीत.

दुसरं कारण गरजेचं. सॅटेलाइट इंटरनेटची घरावरची सपाट डिश म्हणजे आत एक मोठा सर्किट बोर्ड आणि त्यावर शेकडो छोटे अँटेना. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकसोबत इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव यांसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागांपर्यंत इंटरनेट नेणं हा त्यामागचा जाहीर हेतू होता. अशी डिश किती रुपयांना मिळेल, हे बऱ्याच अंशी आतल्या बोर्डच्या आणि चिपच्या खर्चावर ठरतं.

तिसरं कारण उंच वारंवारतेच्या लहरींचं. त्या भिंतीतून नीट आरपार जात नाहीत. त्यामुळे इमारतींवर मेटामटेरियलचे पत्रे लावून लहर हव्या त्या दिशेला वळवण्याचे प्रयोग चालू आहेत. जपानच्या एनटीटी डोकोमोने २०१८ मध्ये टोकियोत २८ गिगाहर्ट्झच्या ५जी लहरींसाठी अशा परावर्तकाची चाचणी घेतली होती.

अडचण नेमकी कुठे आहे?

सर्वांत मोठी अडचण बँडविड्थची. या आकृत्या एका ठरावीक वारंवारतेला ‘वाजतात’ आणि तिच्या आसपासच काम करतात. नेव्हिगेशनसाठी हे चालू शकतं, कारण तिथे अरुंद पट्टा पुरतो. पण भारतातल्या ५जीचा ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मध्यापासून मोजला तर दहा टक्क्यांहून जास्त रुंद आहे. तो सगळा सारख्या गुणवत्तेने सांभाळणं अशा थराला कठीण जातं.

दुसरी अडचण ऊर्जेच्या नुकसानीची. रेषीय लहर म्हणजे गणिताच्या भाषेत उजव्या आणि डाव्या लहरींची समान बेरीज. कायरल थराने फक्त ‘डावी’ अडवली आणि ‘उजवी’ जाऊ दिली तर निम्मी ऊर्जा तिथेच गेली. चांगल्या रचना अडवण्याऐवजी रूपांतर करतात, पण तांब्यात आणि बोर्डमध्ये होणारं नुकसान उरतंच. त्यातही बोर्ड एफआर-४चा असेल तर हिशेब आणखी बिघडतो.

तिसरी अडचण म्हणजे स्वस्त पर्याय आधीच हाताशी आहे. पॅचच्या चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे थोडे कापले तर तो वर्तुळाकार ध्रुवीकरण देऊ लागतो. त्याचा जादा खर्च जवळपास शून्य. जीपीएसच्या छोट्या अँटेनांमध्ये ही युक्ती सर्रास वापरतात. कायरल थराला या कापलेल्या कोपऱ्यांपेक्षा सरस ठरावं लागेल. जास्त रुंद पट्टा, ध्रुवीकरण हवं तेव्हा बदलण्याची सोय किंवा मोठ्या डिशसाठी एकाच पत्र्यात सगळ्यांचं काम, असं काहीतरी त्याने द्यायला हवं.

चौथी गोष्ट निसर्गनियमाची. एमआयटीचे एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की अँटेना लहरीच्या तुलनेत जितका लहान, तितकी त्याची बँडविड्थ आक्रसते. ती वाढवायची तर कार्यक्षमता सोडावी लागते. कोणताही साधा थर, कायरल असो वा नसो, ही मर्यादा ओलांडत नाही. लहान आकार, रुंद पट्टा आणि उत्तम कार्यक्षमता हे तिन्ही एकत्र मिळाल्याचा दावा दिसला तर आधी शंका घ्यावी.

अशी बातमी वाचताना काय पाहावं?

पहिला प्रश्न: आकडे संगणकावरच्या सिम्युलेशनचे आहेत की अँटेना प्रत्यक्ष बनवून मोजलेले? सिम्युलेशनमध्ये तांबं गुळगुळीत असतं, थर अचूक बसतात. प्रत्यक्षात दोन थर थोडे सरकले तरी पिळाचा कोन बदलतो आणि वारंवारताही सरकते. खरी मोजणी प्रतिध्वनीविरहित कक्षात, म्हणजे भिंतींवर लहरी शोषणारे फोमचे सुळके लावलेल्या खोलीत होते.

दुसरा प्रश्न: तुलना कशाशी? वर थर ठेवल्याने अँटेना आकाराने मोठा झाला असेल, तर तुलना तेवढ्याच आकाराच्या साध्या अँटेनाशी व्हायला हवी.

तिसरा प्रश्न: ‘गेन वाढला’ म्हणजे काय झालं? गेन वाढणं म्हणजे बॅटरीचा झोत बारीक करण्यासारखं आहे. समोर उजेड वाढतो, पण बाजूचा कमी होतो. छतावर एकाच दिशेला बसवलेल्या डिशसाठी ते चांगलं. खिशात कसाही पडलेल्या फोनसाठी किंवा डुलणाऱ्या बोटीसाठी तेच गैरसोयीचं ठरू शकतं.

भारतासाठी काय पणाला लागलं आहे?

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २२ मार्च २०२३ रोजी ‘भारत ६जी व्हिजन’ जाहीर केलं. ६जीच्या पेटंटमध्ये १० टक्के वाटा मिळवण्याचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. अँटेनाची रचना हा त्यातला एक भाग. इथे भारताला संधी आहे, कारण आकृती सुचवायला आणि तपासायला तुलनेने कमी भांडवल लागतं.

मात्र रचना कागदावरून बाजारात यायची तर तिला योग्य बोर्ड, तो अचूक कोरणारा कारखाना आणि मोजणीची सोय लागते. बोर्डसाठी लागणारं लॅमिनेट आजवर मोठ्या प्रमाणात आयात होत आलं आहे. म्हणून मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेली २२,९१९ कोटी रुपयांची सुटे भाग निर्मिती योजना या विषयाशी थेट जोडलेली आहे. तिच्यात लॅमिनेटचा समावेश होणं हे योग्य पाऊल आहे. पण सगळी लॅमिनेटं सारखी नसतात. टीव्हीच्या किंवा चार्जरच्या बोर्डला लागणारं लॅमिनेट देशात बनू लागलं म्हणजे २६ गिगाहर्ट्झला चालणारं कमी नुकसानीचं लॅमिनेटही बनू लागलं, असा अर्थ होत नाही. दोन्हींचा कच्चा माल, प्रक्रिया आणि तपासणी वेगळी असते.

पाया अगदीच नाही असंही नाही. केंद्र सरकारच्या ‘सी-मेट’ या संस्थेच्या पुणे, हैदराबाद आणि थ्रिसूर इथे प्रयोगशाळा आहेत आणि थ्रिसूर केंद्रात मायक्रोवेव्ह सब्स्ट्रेटवर काम झालं आहे. मुंबईत पवईला मुख्यालय असलेली ‘समीर’ ही संस्था मायक्रोवेव्ह आणि अँटेना क्षेत्रात संशोधन व चाचण्या करते. असं काम कारखान्याच्या प्रमाणावर जाणं आणि महाविद्यालयांतल्या तरुण संशोधकांना अँटेना बनवून मोजण्याची सोय परवडणाऱ्या दरात मिळणं, हा पुढचा टप्पा आहे.

पुढे काय होऊ शकतं?

तुमच्या पुढच्या फोनच्या खोक्यावर ‘कायरल अँटेना’ असं छापलेलं दिसण्याची शक्यता कमी आहे. या थरांचा उपयोग आधी सॅटेलाइटच्या सपाट डिश, रडार आणि इमारतींवरचे परावर्तक अशा ठिकाणी होण्याची चिन्हं आहेत. तिथे दिशा ठरलेली असते, जागा असते आणि ध्रुवीकरण बदलण्याची खरी गरज असते.

बोसांनी १८९८ मध्ये बंगालात सहज मिळणाऱ्या तागातून आपला पदार्थ घडवला होता. आज त्याच कल्पनेवर अँटेना बनवू पाहणाऱ्या भारतीय संशोधकाला चांगला बोर्ड बाहेरून मागवावा लागत असेल, तर ६जीमधला देशाचा वाटा मोजताना पेटंटच्या आकड्याबरोबर एक साधा प्रश्नही विचारायला हवा: तो अँटेना ज्या बोर्डवर छापला आहे, तो कुठे बनला?